चिकटणारं औषध

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. जवळच्या वाडीवरचे एक आप्पा काचबिंदूचे थेंब न्यायला येत. नव्या बाटलीचा पहिला थेंब माझ्याच हातून घालून घेत. बाकावर मान मागं टाकून बसत आणि गालावर ओघळलेलं औषध बोटानं टिपून परत डोळ्याला लावत.

दौंडच्या डॉक्टरांनी त्यांना एकदा सांगितलं, की थेंबातलं बरंचसं औषध असंच वाया जातं. डोळ्याला चिकटून हळूहळू पाझरेल अशा सूक्ष्म कणांतलं औषध आता तयार होतंय. तेव्हापासून आप्पा पायरी चढतानाच विचारत, "चिकटणारं आलं का?"

"नाही, आप्पा."

मग ते बाटली न फोडताच नेऊ लागले. पुढं यायचेच थांबले.

काल सुनेचा हात धरून आले. तिनं काउंटरवर सगळ्या सीलबंद बाटल्या ठेवल्या.

"आप्पा, घातलंच नाही?"

"नवं औषध मारायचं म्हंजी जुनं आधी थांबवावं लागतं. पिकाचं तसंच डोळ्याचं." त्यांनी हातानं काउंटर चाचपला. "आता तरी आलं का?"

हे त्यांनी मला विचारलं, पण तोंड कोपऱ्यातल्या फ्रीजच्या घरघरीकडं होतं.