पर्ज केल्याच्या दहा नोंदी

बायको गेली, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. दहा दिवसांची रजा संपली होती. अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात पाणी गार करणारं मशीन माझ्याकडे असतं. ते वाफेवर चालतं. आत मिठाचं दाट द्रावण असतं आणि हवा अजिबात नसावी लागते. पाणी सात अंशांवर राहायला हवं. त्या सकाळी ते बारावर होतं, आणि शेजारच्या शेडमध्ये आदल्या दिवशी चढवलेली बॅच त्याच पाण्याच्या भरवशावर होती.

"काका, वाफ वाढवा ना," सुपरवायझर म्हणाला. "चौदाला गेलं की बॅच गेली."

वाफ वाढवली तर द्रावण आणखी दाट होऊन नळ्यांत गोठतं. मग मशीन बंदच. मी नको म्हणालो खरा, पण खात्री नव्हती. लॉगबुक उघडलं. आत शिरलेली हवा रोज पंपाने ओढून काढायची असते, त्याला आम्ही पर्ज म्हणतो. दहाही दिवस 'पर्ज केलं' असं लिहिलेलं होतं. पाणी सात, सात, सात. अक्षर जवळजवळ माझंच.

मशीनवरचा माझा जोडीदार उल्हासनगरहून येतो. माझ्या रजेत मशीन तोच बघत होता. तो मान खाली घालून उभा होता.

"दादा, त्या पंपाची मला भीती वाटते. व्हॉल्व्ह उलटा फिरला तर हवा आत. आणि पर्ज बंद दिसलं असतं तर साहेब तुमच्या नावाने ओरडले असते. घरात एवढं झालेलं, त्यात हे कशाला?"

"माझं अक्षर कुठे शिकलास?"

"तीन वर्षं तेच तर वाचतोय."

रागावणं जमलं नाही. पंप सुरू केला, त्याच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. बुडबुडे उसळत होते. गार पाण्याचा आकडा साडेबारा झाला. दवाखान्यातही मी असाच एका आकड्याकडे बघत बसलो होतो, तेव्हा हातात काहीच नव्हतं. इथे निदान नळी होती. तेरा. सुपरवायझर दोनदा येऊन गेला. तासाभराने बुडबुडे विरळ झाले, आकडा थांबला, मग उतरू लागला. दुपारी तो आठवर आला. बॅच वाचली.

"ती पानं फाडू का?" जोडीदाराने विचारलं.

"नको. हवा किती दिवस आत होती, ते पुढच्याला कळायला हवं."

मी दहा नोंदींवर रेघा मारल्या, बाजूला 'पर्ज नाही' लिहिलं आणि खाली सही केली. रजेवर जाण्यापूर्वी त्याला पंप शिकवायचं मलाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पंप लावला तर बाटलीत पुन्हा बुडबुडे. दहा दिवसांची हवा काल निघाली होती, ही नवी. कुठेतरी गळती होती. मी जोडीदाराचा हात व्हॉल्व्हवर ठेवला, त्यावर माझा.

"हळू," मी म्हणालो.

त्याची बोटं गार पडली होती. माझीही.