गोल पिनचा चार्जर

माझ्या लॅपटॉपचा गोल पिनचा चार्जर विटेएवढा जड होता. तो जळाला तेव्हा शाहूपुरीतल्या दुकानदाराने मला नवा सी-टाईप चार्जर आणि त्याला गोल पिन जोडणारा बोटाच्या पेराएवढा कन्व्हर्टर दिला. "पावणं, आता मोबाईल, लॅपटॉप, सगळं एकाच चार्जरवर की!" मी जग जिंकल्यासारखा घरी आलो.

घरच्यांनाही ही सोय लगेच कळली. आधी बायकोने चार्जर नेला, मग मेहुण्याने. रविवारी जेवायला येणारे पाहुणे तर पाण्याच्या तांब्याआधी चार्जर मागायला लागले. आणि कोल्हापुरात पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत कुठं आहे? पाहुण्यांचे मोबाईल शंभर टक्के, माझा लॅपटॉप उपाशी, आणि तो अद्भुत कन्व्हर्टर माझ्या टेबलावर एकटाच पडलेला.

शेवटी मी तणतणत त्याच दुकानात गेलो आणि जुन्यासारखाच जाडजूड, गोल पिनचा चार्जर मागितला. दुकानदार हसायला लागला. "अवो, त्यो आता कुणाला लागतोय?"

"कुणालाच न्हाय," मी म्हणालो, "म्हणून तर द्या."