बोट काढल्यावरही बहात्तर

बोट सेन्सरमधून काढून मिनिट झालं, तरी मॉनिटर माझी नाडी बहात्तरच दाखवत होता. हेच यंत्र उद्या पेशंटच्या उशाशी लागणार!

सेन्सर ताजा आकडा थेट मेमरीत टाकतो; प्रोसेसर मात्र हाताशी ठेवलेली जुनी प्रत वाचत बसतो. वाचण्याआधी ती प्रत फेकून दे, असं त्याला सांगणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये लागते. ती कुठे गेली, असं मी विचारलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी शांतपणे म्हणाला, "ती मीच काढली. स्क्रीन अडखळत होता. डेमोत छान दिसतंय ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छान दिसतंय! समोरचा माणूस गेला तरी याचं आपलं बहात्तर. पण हा रोग काही एकट्या यंत्राचा नाही. आईची तब्येत विचारली की बाबा पेपरातून मान वर न करता सांगतात, "बरी आहे." कधी पाहिलंत तिच्याकडे? आणि मीही दर रविवारी तेवढंच ऐकून फोन ठेवते.

ती ओळ मी परत घातली. बोट काढताच आकडा पुसला गेला आणि दोन रेघा उमटल्या. माहीत नाही, असं सरळ कबूल करणाऱ्या.

तशीच रागात घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"आई कशी आहे?"

"बरी आहे."

"तुम्ही नका सांगू. तिला द्या फोन."