आग मेरी

“आटा लेके आना, दीदी. आग मेरी.” गल्लीतल्या प्रत्येक बाईला ती ओला हात ओढणीला पुसत हेच सांगायची. मला म्हणाली तेव्हा मी ताडकन उत्तर दिलं, “हमारे यहाँ गैस है.”

सीमेजवळच्या तिच्या गावावर तोफगोळे पडले, घराचं छत उडालं. भाऊ इथे जबलपूरला फौजेत, म्हणून सासूला आणि दोन मुलींना घेऊन ती आली आणि घमापुरात आमच्या समोरची खोली भाड्यानं घेतली. नवरा गुरांपाशी गावीच राहिला. आता तुम्हीच सांगा, अशा बाईनं आधी काय करावं? पलंग आणावा, भांडी लावावीत. हिनं अंगणात माती कालवली, त्यात भुसा घातला आणि हातानं थर चढवत कमरेएवढा तंदूर उभा केला.

“पहले तंदूर क्यों?” मी विचारलं.

“छत गई, तंदूर बच गया था. सारी पड़ोसनों की रोटी उसी में लगी.”

मी लग्न होऊन आले तेव्हापासून संध्याकाळी बायका माझ्या ओट्यावर बसायच्या. आता त्या परातीत कणीक घेऊन माझ्यासमोरून तिच्याकडे जायच्या. तिकडून हसणं ऐकू आलं की माझी भाजी हमखास खारट व्हायची. मला तिचा हेवा वाटायचा, अगदी पोटातून.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिलाही बोलावलं. वाण घेऊन उठताना ती हळूच म्हणाली, “तंदूर गरम हो गया होगा.” अर्धी खोली उठली.

“काहून पळून राहिल्या?” मी शेजारच्या वहिनींना विचारलं.

“अवो, कणीक भिजवून आली ना मी!”

उरलेल्या तिळगुळाकडे बघत बसले. मग कणीक मळली आणि गेले, नुसतं बघायला. तिनं परात हातातून घेतली. “आ गईं? बैठो, आपकी जगह रखी है.” भिंतीशी एक पाट रिकामा होता. तो रोज माझ्यासाठी ठेवायची म्हणे. याचाही मला राग आला. माणसानं इतकं चांगलं कशाला वागावं? पण त्यानंतर मी रोज त्या पाटावर बसले.

होळीनंतर तिच्या नवऱ्याचा फोन आला, छत घालून झालं होतं. जाताना तिनं माझा हात पाण्यात बुडवून तंदुरात घातला आणि रोटी कशी चिकटवायची ते शिकवलं.

आता तंदूर मी पेटवते. बायका पुन्हा माझ्याभोवती जमतात. रोटी निखाऱ्यात पडली की वहिनी म्हणतात, “त्यांच्यासारखी नाही जमून राहिली.” मी ऐकून घेते.

परवा तिचा फोन आला. “तंदूर ठंडा तो नहीं पड़ा, दीदी?”

“नहीं,” मी म्हटलं. तिच्या मागे बायकांचा गलका चालला होता. फोन तसाच धरून ती कुणाला तरी म्हणाली, “आ गईं? बैठो, आपकी जगह रखी है.”

त्या न पाहिलेल्या बाईचा मला हेवा वाटला, अगदी पोटातून.