नवा पिस्टन

अप्पांनी अंगणातच जुन्या मोटरसायकलचं इंजिन उघडून पुन्हा जुळवलं, आणि आज ते सुरू झालं. शेजारचे सदाकाका म्हणाले, "पिळ की अ‍ॅक्सिलेटर! घाट चढवून आणू म्हातारीला."

अप्पांनी त्यांचा हात बाजूला केला. "अजिबात नाही. पिस्टन नवा आहे. सुरुवातीला हळूच चालवायची, मध्ये थांबून गार होऊ द्यायची. आत्ताच ताणली तर आतून ओरखडे पडतील."

पायरीवर बसून मी ऐकत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे शिकवणं सगळं इंग्रजीत, आणि बाकीचे आधीपासूनच वेगात. नव्या माणसालाही सुरुवातीला थोडं हळू जाऊ द्यावं लागत असेल का? हे कोणाला विचारायचं, तेच मला कळलं नव्हतं.

धीर करून म्हटलं, "अप्पा, माझे दोन विषय राहिलेत. अजून एक वर्ष द्याल?"

"पहिल्याच वर्षी अडकलीस, पुढे काय दिवे लावणार?" त्यांनी मानही वर केली नाही. "बास झालं कॉलेज."

मग त्यांनी इंजिनावर हात ठेवून पाहिला आणि ते हलकेच बंद केलं.

"दम खाऊ दे बिचारीला," ते सदाकाकांना म्हणाले.