नातालीनबाईंचा जबाब

वळण आलं की नातालीनबाई घंटी तर वाजवायच्याच, वर खणखणीत आवाजात ओरडायच्या, "येतंय गे, येतंय!" त्यांची बॅटरीवरची सायकल आवाजच करत नसे. माडांच्या सावलीतून पांढऱ्या केसांची, फुलाफुलांच्या झग्यातली ही बाई एकदम समोर आली की तारकर्लीत आलेले पर्यटक दचकून बाजूला होत. आम्ही दचकत नव्हतो. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच बाराखडी शिकवली होती; तो आवाज ओळखीचा होता.

निवृत्तीनंतर त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. मालवणला चर्चला, बाजाराला जायचं तर रिक्षाची वाट बघत ताटकळणं त्यांना मानवेना, म्हणून सायकल घेतली. थोरला भाऊ पेद्रू चिडला. "ह्या वयात हाडां मोडून घेवची आसत काय?" बाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि निघाल्या.

त्यांचं बघून मीही तशीच सायकल घेतली. शाळेच्या मैदानावर बाईंनी मला आधी फक्त थांबायला शिकवलं. मी कंटाळले तेव्हा म्हणाल्या, "सुमन, लोकांका सायकल दिसता, तिचो वेग दिसणा नाय. त्येंका वाटता, म्हातारी आसा, सावकाश येतली. म्हणान आपणच थांबाक तयार रवचा."

त्या सकाळी आम्ही दोघी बाजारातून परतत होतो. बाई पुढे, मी बऱ्याच मागे. उतारावर समोरून दिगंबरची गाडी आली. देवबागचा हा तरुण रस्त्याकडेला पर्यटकांसाठी खोल्या चालवायचा. त्यानं बाईंकडे पाहिलं, आपण आधी निघून जाऊ असं त्याला वाटलं असावं, आणि बाईंसमोरूनच गाडी आपल्या फाटकाकडे वळवली. बाईंनी ब्रेक दाबल्याचं मी पाहिलं. सायकल घसरत जाऊन गाडीवर आदळली.

हेल्मेटमुळे डोकं वाचलं. कंबरेचं हाड मोडलं. इस्पितळात हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा बाई शाळेतल्या मराठीत सावकाश बोलल्या, "गाडी मला आडवी आली, हे खरं. पण उतारावर मीही बॅटरी चालूच ठेवली होती. वेग जास्त होता. हेही लिहा."

पेद्रू उसळला, "तू कित्याक आपल्यार घेतंस?"

"घडला ता सांगलंय," बाई म्हणाल्या. "पोरांका येगळा शिकवलंय काय?"

दिगंबर दाराशी उभा होता. त्याला आत यायचा धीर झाला नाही. गुन्हा त्याच्यावर नोंदला गेलाच, पण त्या दिवसापासून तो रोज येऊन व्हरांड्यात बसायचा. पेद्रू त्याच्याकडे बघतही नसे.

ऑपरेशन झालं, बाई घरीही आल्या, पण उठून उभ्या काही राहिल्या नाहीत. पडून पडून छातीत कफ साठला, आणि एका दुपारी, मी त्यांना पेज भरवत असताना, त्यांनी मान वळवली ती कायमचीच.

अंत्ययात्रेला सगळा गाव लोटला. दिगंबर बाईंच्या फाटकाबाहेर, माडाला टेकून उभा. शवपेटी उचलताना म्हाताऱ्या पेद्रूला भार पेलेना. पुतणे पुढे सरसावले. त्यांना हातानंच थांबवून पेद्रूनं फाटकाकडे पाहिलं.

"दिगंबर," तो म्हणाला, "हंय ये. माझ्या बाजून धर."