नडगी बघणाऱ्या अक्का

माझ्या सासूबाई, अक्का, माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी नडगीकडे. धुळ्याला मला बघायला आल्या तेव्हा नाव-गाव काही न विचारता त्यांनी मला लुगडं जरा वर धरायला लावलं. माझ्या आईला घाम फुटला. अक्का मात्र खूश होऊन म्हणाल्या, "पाय साफ शे. पोर पसंत." असं माझं लग्न जमलं, रूपावर नव्हे, पायांवर.

साक्रीकडच्या सासरी आल्यावर कारण कळलं. गावाला एकच पायविहीर, पायऱ्यांनी पाण्यात उतरूनच भरायची, आणि घरोघरी नारू. पायावर फोड यायचा, तो फुटला की आतून दोऱ्यासारखा किडा डोकावायचा. अक्का तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढत. घाई केली की तुटायचा आणि पाय सडायचा. पंचक्रोशीत असा हात कुणाचा नव्हता. "पेरनीना येळले बठ्ठं गाव खाटवर ऱ्हास," ऐन पेरणीत सगळं गाव खाटेवर, म्हणून त्या चिडत. ही विद्या मला शिकवायची हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मुंबईच्या मेडिकल कॉलेजातले एक प्राध्यापक आपले विद्यार्थी घेऊन आले. नारूवाला पाय पाण्यात बुडतो, तिथे किड्याची पिल्लं सुटतात आणि तेच पाणी आपण पितो, हे त्यांनी चावडीवर समजावलं. पायऱ्या बुजवा, रहाट बसवा, पाणी गाळून प्या, म्हणाले. अक्कांनी विचारलं, "मंग बाळंतीन पानी पूजाले कथाईन उतरी?"

बाळंतिणीने सव्वा महिन्याने विहिरीत उतरून साती आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवींची, पूजा करायची, नाहीतर बाळाचं बरं होत नाही, अशी आमच्याकडे समजूत; पायऱ्याच बुजवल्या तर ती उतरणार कुठून? प्राध्यापक माणूस शहाणा. "ते मला नाही सांगता येणार, अक्का. तुम्हीच ठरवा. तोवर आम्ही दगडाला हात लावत नाही," म्हणाले.

मी तेव्हा बाळंतीणच होते. अक्का आत आल्या, माझ्या लेकीची एवढीशी नडगी हातात धरून बराच वेळ बसल्या. मग चावडीवर जाऊन म्हणाल्या, "आसरा पानीमा ऱ्हातस, पायरीसवर नही. पानी वर आनसूत, तठेच पूजसूत. पहिली पूजा मन्ही सून करी. काही व्हयनं ते मन्हा माथावर." मला कुणी विचारलंच नाही.

शिकलेली पोरं आणि गावची माणसं यांनी मिळून पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत रचली, वर रहाट बसवला. पोरांच्या हातांना फोड आले तेव्हा अक्कांनीच हळद लावली. पूजेला बायका लांब उभ्या राहिल्या. रहाटाने वर आलेल्या बादलीला मी हळदकुंकू वाहिलं.

आणि नेमकी लेक तापली. भिंत पाडा, अशी कुजबुज सुरू झाली. अक्का जाऊन भिंतीला टेकून बसल्या. इकडे एक विद्यार्थी पाळण्याशी बसून औषध देत होता. ताप उतरेपर्यंत दोघंही हलली नाहीत. लेक बरी झाली, भिंत राहिली. कॉलेजची पोरं पुढे दर उन्हाळ्यात येत, आणि अक्का त्यांना घेऊन घरोघर नडग्या बघत फिरत. हळूहळू बघण्यासारखं काही उरलं नाही.

अक्कांच्या अखेरच्या दुखण्यात माझी लेक शाळेतून येऊन त्यांच्या उशाशी बसे. एकदा त्यांनी सवयीने तिच्या नडगीवरून हात फिरवला. मी म्हटलं, "अक्का, मला ती विद्या शिकवायची राहिलीच."

"शिकीसन करशी काय?" त्या म्हणाल्या. "गावमा आते नारूच नही."

आपली विद्या बुडाली हे इतक्या अभिमानाने सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.